मापाची खोली

१

तुरुंगातल्या त्या खोलीला आमची माणसं मापाची खोली म्हणतात. पायाचं माप घेऊन बूट द्यावा, तसं तिथे डोक्याचं माप घेऊन शिक्षा देतात. टेबलावर एक टॅब असतो. तो एक वाक्य बोलतो, 'मी जे केलं ते लोकांनी मला करायला लावलं', असं काहीतरी, आणि गप्प बसतो. कैद्याने सांगायचं, पटतं की पटत नाही. मग पुढचं वाक्य. शेवटी टॅब बेरीज करतो आणि या माणसाचे विचार किती गुन्हेगारी आहेत ते सांगतो. बेरीज जास्त आली की पॅरोल विसरायचा.

मी बेरिल. तिथे दुभाषी म्हणून लागले. वय विचारू नका, जिना चढले की गुडघेच सांगतात. आधी हे काम माझा मोठा भाऊ करायचा. गेल्या उन्हाळ्यात तो गेला. त्याचं नाव मी घेणार नाही. आम्हा इथल्या मूळच्या आदिवासींत गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, फोटो झाकून ठेवतात, तो राहायचा ते घर सोडतात आणि अंगणातली त्याची पावलं डहाळ्यांनी झाडून पुसून टाकतात. त्याला जायचं असतं, त्याला कशाला अडवायचं? तर शोकाचे दिवस वाळवंटात आमच्या गावी काढून मी शहरात परत आले आणि तुरुंगातून फोन आला. मी तयार झाले ती एकाच कारणासाठी. भावाचा मुलगा सेल्विन आत होता.

पहिल्या दिवशी फाटकावर डग नावाच्या रक्षकाने माझी पिशवी उलटीपालटी केली. "आजी, कांगारूचं शेपूट नाही ना आणलंस आत?"

"आणलं असतं तर तुला वास आला नसता का," मी म्हटलं. "तुझं नाक बघ केवढं आहे ते."

तो हसला. माणूस वाईट नव्हता. त्याने मला त्या खोलीत नेऊन सोडलं. बाहेर बघायला खिडकी नाही, फक्त व्हरांड्याकडे एक मोठी काच. एसीची घरघर. जमिनीला ठोकलेल्या खुर्च्या. मानसशास्त्राच्या इमोजेनबाई मेलबर्नहून आलेल्या, तरुण, गोड बोलणाऱ्या. त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला. पहिला कैदी सिरिल, माझ्याच वयाचा, ओळखीचा. तो मान खाली घालून बसला. मला वाटलं, मला लाजला.

बाईंनी टॅब सुरू केला आणि माझा मेलेला भाऊ आमच्या भाषेत बोलला, "माझ्या वाटेत जो येईल त्याला मी सोडत नाही."

"हो," सिरिल म्हणाला.

२

मी कान झाकून बाहेर आले. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"बंद करा ते," मी म्हटलं.

इमोजेनबाई मागोमाग आल्या. "बेरिल, काय झालं? आवाज मोठा होता का?"

"तो माझा भाऊ आहे. तो गेलाय."

"अरे देवा. मला खूप वाईट वाटतंय." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. "पण ही वाक्यं त्यांनी स्वतः भाषांतर करून रेकॉर्ड केली होती. सहीसुद्धा आहे त्यांची."

"सही जिवंत माणसाची आहे."

"मी वर कळवते. नक्की कळवते. पण वेळ लागेल, तोपर्यंत आपल्याकडे दुसरा आवाज नाही. आणि खरं सांगू? या आवाजावर निकाल फार छान येतात. तुमच्या भागातले सगळे कैदी अगदी सारखी उत्तरं देतात. इतकी एकवाक्यता मी कुठे पाहिलेली नाही."

एकवाक्यता म्हणे. डोक्यात तिडीक गेली माझ्या. अगं बाई, आमच्यात वडीलधारा माणूस समोर बसून काही बोलला तर त्याला 'नाही' म्हणत नाहीत. मनात काही का असेना, मान खाली घालायची, हो म्हणायचं, आणि नंतर आपल्याला करायचं तेच करायचं. जिवंत होता तेव्हाही ते त्याला हो म्हणाले असते. आता तर तो मेल्यावर बोलत होता. आणि काय बोलत होता? 'मला कायदा लागू नाही.' 'लोक मूर्ख असतात, त्यांना फसवण्यात काय वाईट?' ज्या माणसाने आयुष्यात कुणाची काडी उचलली नाही, त्याला दिवसभर हे म्हणायला लावलं होतं. आणि समोरची पोरं, त्याची लाज राखायला, हो हो म्हणत होती. त्या 'हो'ची बेरीज करून ही बाई सांगत होती की ही पोरं सुधारण्यापलीकडची आहेत.

मी हे सगळं तिला सांगितलं. याहून कमी शब्दांत आणि जास्त आवाजात सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मान हलवली. म्हणाली, "हे फार महत्त्वाचं आहे, बेरिल. मी टिपून ठेवते."

सेल्विनची पाळी अजून यायची होती, म्हणून मी नोकरी सोडली नाही.

३

पुढच्या खेपेला मी कापसाचे बोळे कानात घालून बसले. तरी ऐकू यायचंच. कैदी काय म्हणाला ते बाईंना सांगायचं एवढंच माझं काम, आणि सगळे तर हो म्हणत होते; ते सांगायला दुभाषी कशाला हवी?

त्या दिवशी एका वाक्यानंतर, उत्तरासाठी सोडलेल्या जागेत, कुणीतरी खाकरलं.

मी कैद्याकडे बघितलं. तो बोटांकडे बघत होता. बाई पाणी पीत होत्या. माझा भाऊ असंच खाकरायचा. नको असलेलं काही बोलावं लागणार असलं की आधी घसा साफ करायचा, दोनदा, छोटं छोटं. कोर्टात दुभाषाचं काम करायचा तेव्हा मला मागच्या बाकावरून कळायचं, की आता कुणाला तरी वाईट शिक्षा सांगायची आहे त्याला.

पुन्हा वाक्य. पुन्हा जागा. पुन्हा दोनदा खाकरणं.

"बाई, हे रेकॉर्डिंगमध्ये आधीपासून आहे का?"

"काय?"

"हे खाकरणं."

बाईंनी मागे घेऊन लावलं. वाक्य होतं. जागा होती. जागेत काही नव्हतं, एसीची घरघर तेवढी. "तुम्हाला थकवा आलाय," त्या म्हणाल्या, आणि मलाही ते पटलं. उन्हातून आलेलं माणूस थंड खोलीत बसलं की कानात दडे बसतात. एसीत धूळ अडकली की तो खोकल्यासारखा आवाज करतो. मी घरी जाईपर्यंत स्वतःला हेच सांगत होते.

पण कैदी उठून जाताना दाराशी थबकला होता आणि टॅबकडे नाही, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून त्याने मान लववली होती. कुणा मोठ्याच्या समोरून उठून जाताना लववतात तशी.

४

माझी वहिनी शहरात डायलिसिसवर होती. किडन्या गेल्या की आमच्या माणसांना गाव सोडून इथे यावं लागतं. मशीन गावात नाही. आठवड्यातले निम्मे दिवस ती त्या नळ्यांना बांधलेली असायची.

भाऊ गेल्यापासून ती बोलत नव्हती. विधवा बोलत नाही, हातांनी सांगते, घरचे सांगतील तोपर्यंत. नर्सना वाटायचं तिची वाचा गेली. पण तिचे हात काय बोलायचे! तोंडाने बोलायची तेव्हाही इतकी चहाटळ नव्हती.

तिने मला हाताने विचारलं: मुलगा कधी?

"पॅरोल मिळाला की. या महिन्यात बसतील ते पॅरोलवाले."

तिने मशीनकडे बोट दाखवलं आणि हात झटकला. पुरे झालं हे. मग पूर्वेकडे हनुवटी केली. घर. मग आपल्या तळहातावर दुसरा हात ठेवून उचलला: मुलगा नेईल.

मला कळत होतं. मशीन सोडून ती गावी गेली असती तर फार दिवस राहिली नसती, आणि तिला तेच हवं होतं. आपल्या मातीत, आपल्या झाडाखाली. पण एकटी जाणार नव्हती. आपल्या कुणीतरी येऊन तिला न्यायला हवं, मुलाने, नाहीतर नवऱ्याने. नवरा गेलेला. तेव्हा सगळं सेल्विनवर होतं, आणि सेल्विनचं त्या टॅबवर. पोराने काय केलं होतं? बिनपरवान्याची गाडी पळवली आणि पकडायला आलेल्या पोलिसाला ढकललं.

"आणते त्याला," मी म्हटलं. "माझ्यावर सोड."

५

सेल्विनच्या पाळीच्या आदल्या दिवशी मी मापाच्या खोलीत गेले तेव्हा जमिनीवर लाल वाळू होती.

थोडीच. टेबलाखाली, समोरच्या खुर्चीपाशी. आमच्याकडची लाल, शहरातली नव्हे, शहरातली जरा तपकिरी असते. तिच्यात एक पाऊल उमटलं होतं, अनवाणी.

आम्ही माणूस पावलावरून ओळखतो. लहान मूल आधी आईचं पाऊल ओळखायला शिकतं, मग तोंड. माझ्या भावाच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती. रांगता असताना शेकोटीत गेली होती. मी त्या पावलांमागे लहानपणी मैलोन्मैल चालले आहे. पाऊल खुर्चीकडे जाणारं होतं. परत येणारं नव्हतं.

मी डगला हाक मारली.

"कुणीतरी बूट झटकलेत," तो म्हणाला.

"अनवाणी आहे ते, डग. आणि आत सगळ्यांना चपला असतात."

तो वाकला, बघत राहिला. मग चपळाईने झाडू घेऊन आला आणि माझ्याकडे न बघता ते पुसलं. "आजी, मी इथे दुपारी एकटा बसत नाही हल्ली," तो हळूच म्हणाला. "का ते विचारू नकोस. मलाच माहीत नाही."

मी तडक इमोजेनबाईंच्या टेबलाशी गेले. म्हटलं, खोलीला धुरी द्यायला हवी, ओली डहाळी जाळून, चार कोपऱ्यांत, म्हणजे गेलेला माणूस निघून जातो. त्या म्हणाल्या, आगीचा भोंगा वाजेल, नियमात बसत नाही. मी म्हटलं, मग तो आवाज पुसून टाका, आत्ताच्या आत्ता, माझ्या डोळ्यांसमोर, नाहीतर मी वर्तमानपत्रात जाते. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी बाईंनी तो आवाज पुसला. मला दाखवून पुसला. टॅबवर आमच्या भाषेच्या जागी काही उरलं नाही.

"मग उद्या तुम्हीच वाचा," त्या म्हणाल्या. "प्रत्येक बैठकीचं रेकॉर्डिंग होतं, ते तेवढं करावं लागेल. चालेल?"

मला जिंकल्यासारखं वाटलं.

६

सकाळी व्हरांड्यात सेल्विन भेटला. वाळला होता. मी त्याचा दंड धरला.

"आज मी तुझी आत्या नाही. आज मी कागद आहे. मला वाईट वाटेल म्हणून हो म्हणायचं नाही. नाही वाटलं तर नाही म्हणायचं. कळलं का?"

"कळलं, आत्या."

"परत आत्या."

तो हसला, आणि मग खोलीच्या दाराकडे बघून हसू गेलं. "सिरिलकाका म्हणत होते, तिथे आधीच कुणीतरी बसलेलं असतं."

"कुणी नाही. मी पुसून टाकलंय. तुझी आई वाट बघतेय, तेवढं ध्यानात ठेव."

आम्ही बसलो. सेल्विन माझ्यासमोर, बाई बाजूला, काच माझ्यापुढे. मी पहिलं वाक्य वाचलं. "मी जे केलं ते लोकांनी मला करायला लावलं."

"नाही," सेल्विन म्हणाला. घाबरत, पण स्पष्ट.

"मला कायदा लागू नाही."

"नाही."

काय सांगू मला किती बरं वाटलं. मी पुढे वाचत गेले आणि पोरगा नाही, नाही म्हणत गेला, एकेक नाही आधीच्यापेक्षा मोठा. बाई टिपून घेत होत्या. माझ्या डोळ्यांपुढे वहिनी होती, गाडीच्या मागच्या सीटवर, उशीला टेकलेली.

मग एका 'नाही'नंतर माझ्या मागे कुणीतरी दोनदा खाकरलं.

सेल्विनने वर बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या वर. त्याचं तोंड एवढंसं झालं. त्याने मान खाली घातली.

"हो," तो म्हणाला.

मी पुढचं वाक्य वाचलंच नव्हतं अजून.

"हो," तो पुन्हा म्हणाला, तेवढ्याच अंतराने. मी तोंडावर हात ठेवला. बोटांना ओठ मिटलेले लागत होते. बाई मात्र कागदावर बोट ठेवून ओळीमागून ओळ खाली सरकवत होत्या, माझ्यामागून वाचावं तशा. "छान," त्या पुटपुटल्या. "छान वाचताय. थांबू नका."

"हो," सेल्विन रडत म्हणाला. "हो. हो."

मला मागे बघायचं नव्हतं. समोर काच होती, त्यात मी दिसत होते, तोंडावर हात, आणि माझ्या खुर्चीमागे नडग्या. बारीक, धुळीने लाल झालेल्या. त्याच्या वर काचेत व्हरांड्यातला दिवा पडला होता, म्हणून वरचं दिसत नव्हतं. मी पावलांकडे बघितलं, डाव्या पावलाकडे, आणि मग डोळे मिटून घेतले.

७

इमोजेनबाईंनी निकाल हळुवारपणे सांगितला. बेरीज खूप वर गेली होती. सुरुवातीची उत्तरं आणि नंतरची उत्तरं यांत एवढा फरक म्हणजे आधी तो आव आणत होता, असं त्यांचं शास्त्र सांगत होतं. या वर्षी पॅरोल नाही.

"रेकॉर्डिंग लावा," मी म्हटलं.

त्यांनी लावलं. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत माझा भाऊ वाचत होता. माझा आवाज कुठेच नव्हता, अगदी सुरुवातीलासुद्धा, जेव्हा मी माझ्या तोंडाने वाचलं होतं.

"हा माझा आवाज आहे का?" मी विचारलं.

बाई गोंधळल्या. "तुम्हीच तर वाचत होतात, बेरिल. जरा घोगरा झालाय आवाज, एवढंच."

"हा पुरुषाचा आवाज आहे."

"मला तुमची भाषा येत नाही, त्यामुळे मी..." त्या थांबल्या. "तुम्ही घरी जा. खरंच. तुमच्यासाठी हे सगळं फार जड होतंय."

मी त्यांना शिव्या द्यायला तोंड उघडलं. आणि आधी माझा घसा साफ झाला, दोनदा, आपोआप. मी तोंड मिटलं.

८

दवाखान्यात वहिनी नळ्यांमध्ये निजली होती. दुपारचं ऊन पडद्यातून येत होतं, शेजारच्या खाटेवर कुणाचा तरी टीव्ही चालू होता. तिने डोळे उघडले, हाताने विचारलं: मुलगा?

हे मला हातांनी सांगता आलं असतं. पण ते इतकं वाईट होतं की ते तोंडानेच सांगावं असं मला वाटलं.

"सेल्विन येत नाही," मी म्हटलं.

वहिनी ताठ झाली. माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या खांद्यावरून मागे. आणि तिचा चेहरा असा मोकळा झाला, की तिला इतकं सुखात मी तिच्या लग्नानंतर बघितलं नव्हतं. तिने हात उचलला. पूर्वेकडे हनुवटी केली. घर. मग तळहातावर हात ठेवून उचलला, आणि बोट रोखलं, माझ्यावर नाही.

नवरा नेईल.

मी जोरजोरात मान हलवली, नको, नको, हातांनी सांगितलं, तो तो नव्हे, वहिनी, मी आहे. तिने बघितलंही नाही. तिने नळी ओढली. नर्स धावत आली, तिने पुन्हा लावली, वहिनीने पुन्हा ओढली. शेवटी त्यांनी तिच्याकडून उपचार नाकारल्याचा कागद घेतला आणि तिला सोडलं. दोन दिवसांनी ती गावी पोचायच्या आधीच, वाटेत गाडीत गेली. सेल्विनला मातीला सोडलं नाही. त्याची बेरीज फार होती.

तेव्हापासून मी बोलत नाही. विधवा नाही मी, पण हातांनी बोलते. घरातल्या पोरांना गंमत वाटते. हेसुद्धा मी लिहूनच सांगते आहे.

गेल्या आठवड्यात इमोजेनबाईंचा फोन आला. भाचीने तो माझ्या कानाला धरला.

"बेरिल, कशा आहात? एक चांगली बातमी आहे. तुमचं त्या दिवशीचं वाचन इतकं स्वच्छ झालंय की आम्ही तेच टॅबवर घालतोय. बाकीच्या तुरुंगांतसुद्धा पाठवणार आहोत. तुमच्या भावाचा आवाज नको होता ना तुम्हाला, तो आता कुठेच नाही, मी स्वतः बघितलंय. फक्त तुमची परवानगी हवी. तुमची काही हरकत नाही ना?"

मी फोन दाबून धरला. सगळं अंग पेटलं होतं. एक शब्द पुरला असता, आणि तो म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं. घशात काहीतरी साफ व्हायला निघालं होतं. भाचीची लहान मुलगी माझ्या मांडीवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी ओठ घट्ट मिटले.

"बेरिल?" बाई गोड आवाजात म्हणाल्या. थोडा वेळ थांबल्या, उत्तराला जागा सोडली. "बरं, मग मी हो समजते हं."